खाली कोणी राहत नाही

आइसलँडच्या हिमनदीवर चढण्याआधी आमच्या गाईड मुलीनं सगळ्यांच्या बुटांना लोखंडी दातांचे पट्टे बांधले आणि बजावलं, "पाय आपटत चाला. अलगद ठेवलात तर घसराल."

मी सवयीनं अलगदच ठेवला आणि पहिल्याच पावलाला बर्फावर बसले.

"अगं, आपट ना!" हात देत नवरा म्हणाला.

पण पाय आपटायचा कसा? माझं बालपण चाळीच्या लाकडी माळ्यावर गेलं. जरा धावलं की खालच्या काकू काठीनं छत ठोकायच्या आणि आई दटावायची, "हळू! खाली माणसं राहतात." चाळ सुटली, ते वाक्य नाही सुटलं. पुढे मी मुलीलाही तेच ऐकवलं. वाटतं, आम्ही बायका कायम कुणाच्या तरी छतावरूनच चालत असतो. हसायचं, चिडायचं, तेही टाचा उचलून.

समोर निळसर बर्फाचा चढ होता. मी दातओठ खाऊन पाय आपटला. खच्च! बर्फानं तो घट्ट धरला. मग दुसरा. काय सुरेख आवाज होता तो! एवढ्या वर्षांचे राहिलेले सगळे पाय मी त्या चढावर आपटून घेतले आणि धापा टाकत, हसत माथ्यावर पोचले.

"बास की आता," नवरा म्हणाला, "पोचलो आपण."

मी आणखी एकदा पाय आपटला, मघापेक्षाही जोरात.

"आपटू दे रे," म्हटलं, "खाली कोणी राहत नाही."