रतिलाल नानाचा अबोला

रतिलाल नाना मला कधीच आवडला नाही. साक्रीच्या शाळेत मी त्याची पोरं शिकवली, त्याच्या ओट्यावर चहा प्यालो, तरी नाही आवडला. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, कुणाच्या बांधावरची काडी उचलणार नाही. पण एकदा बोलणं बंद केलं की त्याच्या लेखी समोरचा मेला.

अशा मेलेल्यांत पहिला नंबर चुलतभाऊ भटूचा. दोघांची शेतं पांझरा नदीच्या एकाच पाटावर, बांधाला बांध लागून. एका वर्षी नानाच्या पाळीचं पाणी मध्येच बंद पडलं. भटूने वरच्या अंगाला पाट फोडून पाणी आपल्या गव्हात घेतलं, असं नाना म्हणायचा. भटू म्हणायचा, खेकड्यांनी भोक पाडलं. नानाचा गहू ओंबीतच वाळला आणि तेव्हापासून अबोला धरला तो धरलाच. घरात लग्नं झाली, मयतं झाली, नाना हलला नाही. त्याला भरपाई नको होती. भटूने आपल्या तोंडाने ‘पाट मी फोडला’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

या दोघांना त्यांच्या पोरांनी, एकमेकांना न विचारता, धुळ्याच्या एकाच एजंटाकडून युरोपला धाडलं. कालव्यांची जुनी शहरं, रेल्वेने. मीही त्याच टोळीत होतो. विमानतळावर एकमेकांना बघून दोघांची तोंडं कारलं चावल्यासारखी झाली. माझी सहल तिथेच संपली, कारण दोघांनाही भांडायला निरोप्या लागत होता.

“मास्तर, त्याले सांगा, पाय आवर,” रेल्वेत नाना म्हणायचा.

“मास्तर, त्याले सांगा, गाडी त्याना बापनी नही.”

आम्सटरडॅमला आम्हाला बोटीत बसवलं. आमची गाईड मयुरी जुन्या व्यापाऱ्यांची उंच घरं दाखवत होती. नानाने मान वर केली नाही, तो काठच न्याहाळत होता. “इतलं पानी, मंग खेत कोठे शे?” शेत नाही म्हटल्यावर तो चिडला. “मंग हाऊ पाट कसाले खनेल शे?”

मयुरी हसली. भटूही हसला, आणि माझ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “त्याले सांगा, आठे खेकडा नही शेतस.”

नानाचे कान लाल झाले. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेल्फ्टला निघालो. मयुरीने बजावून सांगितलं होतं, मधल्या स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात. आपले डबे पुढचे, मागचे दुसऱ्याच गावाला जातात. धुळेकराला हे वेगळं समजवायला नको. चाळीसगावला धुळ्याचे डबे सुटताना आम्ही सगळ्यांनी बघितलेत.

तरी त्या स्टेशनवर भटू उतरला. तोंडात तंबाखू होती, थुंकायला कुठे सापडेना. शिट्टी झाली तेव्हा मी पिशवीत दशम्या शोधत होतो. गाडी हलली, मी मान वर केली, तर समोरची जागा रिकामी.

“भटू कुठंय?”

नाना खिडकीतून बाहेर बघत होता. “मांगला डबाम्हा चढना.”

“तू बघितलंस? मग काच का नाही वाजवलीस?”

“बोलनं बंद शे.”

“अरे, मला तरी सांगायचंस!”

“तुमी इचारं नही.”

माझं डोकं फिरलं. भटूचा फोन, मधुमेहाच्या गोळ्या, सगळं सीटवरच्या पिशवीत पडलं होतं. मराठी-अहिराणीपलीकडे त्याला शब्द येत नव्हता. पुढच्या स्टेशनवर मयुरी उतरून त्याला शोधायला मागे पळाली. आम्ही डेल्फ्टच्या कालव्यांकाठी मेंढरांसारखे हिंडलो. नानाने मात्र चर्च बघितलं, निळ्या बशा बघितल्या, आइस्क्रीमही खाल्लं. मला त्याची किळस आली.

संध्याकाळी हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये बसलो होतो तेव्हा मयुरी भटूला घेऊन आली. सोबत एक पोलीसबाई होती. भटूचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पँट पुढून ओली होती.

मी उठलो, पण तो माझ्याकडे आला नाही. सरळ नानासमोर जाऊन उभा राहिला.

“रतिलाल.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने नानाला नावाने हाक मारली होती. नाना ताठ झाला.

“पाट मीच फोडा व्हता. खेकडा नही, काही नही. पावडं लिसन मीच फोडा. रोज वाटे, तुले सांगी टाकू. पन तुन्हापुढे उभं ऱ्हावानी लाज वाटे.” त्याचा आवाज फाटला. “आज तू काचम्हाईन माले देखी ऱ्हायंता. माले वाटनं, भाऊ शे, बोट तरी दखाडी. आते माले तुन्ही लाज नही वाटस.”

त्याने मी सोफ्यावर आणून ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि जिना चढून गेला.

नानाने आमच्याकडे वळून पाहिलं. तोंडावर हसू मावत नव्हतं. “आयकं ना मास्तर? कबूल करं त्यानी! बठ्ठासनी आयकं ना?”

एकेक जण उठून जेवायला गेला. शेवटी मीही गेलो.