गाडी त्याची, गादी माझी

विनायक वकील गेल्याची बातमी मला चौथ्या माणसाकडून कळली आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी राग आला. नागपूरच्या इस्पितळातून तार आली ती घरी, घरून निरोप गेला कोर्टात आणि कोर्टातून फिरत फिरत तो आमच्या शाळेच्या शिपायापर्यंत पोचला. शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमाले तं माहीतच असन..." मला माहीत नव्हतं. अख्ख्या हिंगणघाटात विन्याचा सर्वांत जवळचा दोस्त मीच, असं मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आलो, आणि तो गेल्याचं मला शिपायानं सांगावं! घाटावर माझ्यापेक्षा जास्त रडणारेही दोन-तीन जण निघाले. त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

विन्याचा हेवा वाटावा असं पुष्कळ होतं. चालती वकिली, उंची, चाळिशी जवळ आली तरी दाट राहिलेले केस. पण त्याचा हेवा मी कधी केला नाही. मी जळायचो ते त्याच्या शेजारी बसणाऱ्यांवर. गिरणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत जाताना त्याची लाल स्पोर्ट्स गाडी विन्याला देऊन गेला होता. कापडी टपाची, जमिनीला पोट लावून धावणारी, आणि जागा फक्त दोन. उजवीकडे चाकामागे विन्या. डावीकडे कोण, यावर माझी झोप अवलंबून असे. आज मामलेदार, उद्या सरकीवाले शेठ, परवा कुठलातरी पक्षकार. माझी पाळी आली की मी मुद्दाम टोपी काढून बसायचो, म्हणजे बाजारातल्या लोकांना चेहरा नीट दिसावा.

अशाच एका पाळीला, ऐन मे महिन्यात, नागपूरहून येताना जाम गावाशी गाडी उकळली. "हात लावू नको, निवू दे तिले," असं बजावून विन्या चहा सांगायला गेला. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. निवण्याची वाट अडाण्यांनी बघावी. विहिरीची गारेगार बादली आणली, फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि ओतली. आतून 'टण्ण' असा आवाज आला. विन्या कप घेऊन धावत आला.

"काय केलं बे?"

"थंड केलं."

"थंडच केलं तू तिले," तो इंजिनाला गेलेली उभी चीर बघत म्हणाला, "कायमचं."

मग लढाईनंतर लिलावात निघालेल्या एका जीपचं इंजिन मिळालं. जीपचं इंजिन त्या नाजूक गाडीत बसवायचं म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तोडून-जोडून त्याचं माप बदलावं लागलं. मिस्त्रीनं ते केलं, आम्ही दोघांनी रविवारभर खपून सगळं जोडलं आणि गाडी धावली. पण तिशीच्या पुढे काटा गेला की तिला असं कापरं भरायचं, की मामलेदारांची कवळी सैल झाली आणि शेठजींचा विडा त्यांच्याच कोटावर उतरला. महिनाभरात डाव्या जागेचे सगळे उमेदवार गळाले. उरलो मी.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. बायकोकडून नव्या कापसाची जाडजूड गादी शिवून घेतली, ती खाली घेऊन मी दर रविवारी विन्याशेजारी बसायचो. तो म्हणायचा, "मास्तर, गाडी माझी, गादी तुझी!" निघायचं वडनेरकडे, कापरं भरलं की थांबायचं, उतरायचं, विचार करायचा. विचार माझा असे. मी प्लग बदलायला लावले, कार्बुरेटर तीनदा खोलायला लावला. इंजिन थेट लोखंडावर बसलंय म्हणून हादरतं, असं सांगितल्यावर विन्यानं सरकी काढायच्या रेच्याच्या रुळावरच्या चामडी चकत्या आणल्या आणि त्या इंजिनाच्या पायांखाली दिल्या. त्यानंतर उभ्या गाडीत इंजिन कितीही पिटाळलं तरी एकदम गप. धावताना मात्र कापरं तसंच. यावरून पोराटोरांनाही काही सुचलं असतं. मुलांना 'कंपन' शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. सुचायची घाईही नव्हती म्हणा.

त्याच हिवाळ्यात विन्याचं लग्न झालं. सुमतीवहिनी अल्लीपूरच्या, वडिलांची कापसाची जिनिंग. रविवारी मी गादी बगलेत मारून गेलो, तर डाव्या जागेवर वहिनी! विन्या म्हणाला, "तू काऊन तोंड पाडून राह्यला? मागं बस ना." मागं म्हणजे टपाच्या घडीवर, जादा चाकाला मिठी मारून. बसलो. गादी मात्र मी वहिनींना दिली नाही.

वडनेरच्या अलीकडे कापरं भरलं. मी मागून ओरडलो, "इंजिन! चौथा प्लग!"

वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "भाऊजी, इंजिन पायाशी हाये, आन् हे तं बुडाखाली होऊन राह्यलं. आमच्या जिनात जमिनीखाली लांब शाफ्ट हाये. तो बिघडला की अस्साच अंगात येते." मग नवऱ्याला, "अहो, उतार आला की गिअर सोडा आन् इंजिन बंद करून पाहा बरं."

विन्यानं इंजिन बंद केलं. वारा ऐकू यायला लागला. गाडी उतारावरून तशीच पळत होती आणि तशीच थरथरत होती... बिचारं इंजिन निर्दोष होतं. माझ्यासमोर त्या दोघांची डोकी होती, हसताना एकमेकांकडे झुकलेली, आणि माझ्या मिठीत चाक.

घरी येऊन शाफ्ट खोलला. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत यावेत म्हणून मिस्त्रीनं खडूनं खूण केली होती. जोडायच्या आधी शाफ्ट पुसून लख्ख केला होता तो कोणी, हे सांगायला नको. जोड एक दात चुकून बसली होती. विन्या तिथंच जमिनीवर बसून पोट धरून हसला. "मास्तर, तुले निस्तं दुरून पाहाले ठेवलं पाहिजे बे!" एक दात फिरवला आणि गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालायला लागली. कवळी नीट बसवून मामलेदार परत आले. शेठ परत आले. रविवार वहिनींचे झाले.

हिंगणघाटचा प्रांत बदलला, गाडीच्या नंबराची पाटी तीच राहिली आणि मी वर्षानुवर्षं जळत राहिलो. शेवटी भेटलो तेव्हा तो खाटेवर होता, पोटाच्या दुखण्यानं अर्धा झालेला. वहिनी औषध ओतत होत्या. हळूच म्हणाला, "कापरं होतं तवाच मजा होती बे. काऊन दुरुस्त केली आपण?"

"तुझ्या बायकोला विचार," मी म्हणालो. तो हसला. हसताना त्याला दुखलं, म्हणून मी पुढचा विनोद केला नाही... तो अजून माझ्यापाशीच आहे.

परवा वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, गाडी उभी राहून मरन. चालू तरी करा." मी शेडमध्ये गेलो आणि सवयीनं डावं दार उघडून बसलो. मागून वहिनी आल्या, त्याही डाव्याच दाराशी. उजवीकडची जागा रिकामी होती.

"उतरा," त्या म्हणाल्या. "हे जागा माही."

"माझी आधीची," मी म्हणालो, आणि उतरलो नाही.

मग त्या गाडीला वळसा घालून गेल्या, उजवं दार उघडलं आणि चाकामागे बसल्या. विन्याच्या वजनानं तिथली बैठक खोलगट झालेली. वहिनी त्यात इतक्या खाली गेल्या की त्यांना समोरचं काही दिसेना. त्यांनी हात मागे नेला, टपाच्या घडीखालून काहीतरी ओढून काढलं आणि झटकलं. माझी गादी होती. गाडी दुरुस्त झाली त्याच वर्षी ती फेकली असणार, असं मी धरून चाललो होतो.

"ही इथं कशी?"

"काढू देत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, मास्तरची हाये, राहू दे." आणि गादी बुडाखाली घेऊन त्या ताठ बसल्या, दोन्ही हात चाकावर ठेवले. "शिकवा आता."

जामच्या त्या बादलीनंतर विन्यानं मला चाकाला बोटही लावू दिलं नव्हतं. चाकही त्यांनाच मिळालं, गादीही त्यांनाच. मी डाव्या जागेवर सरसावून बसलो आणि म्हणालो, "आधी सांगतो वहिनी, उकळली तर पाणी मी ओतणार नाही."