रोजचं गिऱ्हाईक

आमच्या छावणीतल्या चर्चमध्ये एक परदेशी बाई इंग्रजी शिकवायला आली होती. आम्ही ढिम्म शिकलो नाही. तीच मराठी शिकली, तेही फुलंब्रीहून येणाऱ्या भाजीवालीसमोर उकिडवी बसून, मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत.

एका रविवारी पाळकांनी तिला मराठीतून प्रार्थना करायला सांगितलं. पाळक स्वतः ‘हे परमकृपाळू’ म्हणाले की निम्मं चर्च पेंगायला लागतं. हिनं डोळे मिटले.

“देवा, माझी आई तिकडं लई आजारी हाय. डॉक्टर एक वर्ष म्हणतो. तू दोन दे. व्हय म्हण ना! रोजचं गिऱ्हाईक हाय मी, वरून थोडं टाक.”

हसू लपवायला खाली घातलेल्या माना मग आम्हाला वर करवेनात.