शाळेच्या खिडकीतून दिसणारी जागा

दम्माममधलं घर आवरायला काढलं, सौदी कायमची सोडायची, फायनल एक्झिटची तारीख ठरली, तेव्हा मी ह्यांच्याकडे एकच मागणं केलं. "गावाला जावच्या आदी मना एकदा पोरीकडं न्या." हे पेटीला दोरी बांधत होते. हात थांबले. "तिकडं आता काय नाय," एवढंच म्हणाले.

ते मलाही ठाऊक होतं. आमची पहिली मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी वारली ती उत्तरेला, सरहद्दीजवळच्या एका गव्हाच्या वसाहतीत. ती वसाहत केव्हाच उठली. पण पोर तिथल्या मातीत होती, आणि तिचा निरोप न घेता कायमचं विमानात बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

लग्न होऊन मी त्या वसाहतीत गेले. हे तिथं पंपांचे मेकॅनिक. पत्रात त्यांनी असं वर्णन केलं होतं की मला वाटलं, आमच्या खाडीकाठच्या शेतांसारखं काही असेल. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिथं तर डोंगरही नव्हता. जमिनीच्या पोटातलं जुनं पाणी उपसून वाळूत गहू पिकवायचे. मोठमोठ्या गोल शेतांच्या कडेला पत्र्याच्या केबिनच्या ओळी, एक मशीद, एक किराणा दुकान, आणि त्यापलीकडे काही म्हणजे काही नाही.

शाळा काढली ती इंजिनियरच्या बायकोनं. केरळची, ननांच्या मिशन शाळेत शिकलेली. तिथली शिस्त तिनं जशीच्या तशी उचलून आणली होती. रांग, घंटा, नखांची तपासणी, छातीवर टाचणीनं लावलेला रुमाल. प्रार्थना मात्र त्या देशात चालण्यासारखी नव्हती, म्हणून सकाळी सगळ्यांनी थोडा वेळ डोळे मिटून गप्प उभं राहायचं. आम्ही बायका तिला चिडवायला शाळेला 'मिशन' म्हणायचो. ती रागावायची नाही, उलट खुलायची.

पोर गेली तेव्हा मला उठवत नव्हतं. पुरुषांनी तिला पिकअपमधून नेलं. आमच्यात बायका मातीला जात नाहीत, आणि इथं तर कबरीवर नावही नसतं. कुठं ठेवलीत म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "इतं जवलच." मी अन्न सोडलं होतं. एका सकाळी त्या केरळच्या बाईंनी मला हाताला धरून शाळेत नेलं. मागच्या खिडकीतून कुंपणापलीकडे मातीचा छोटासा उंचवटा दिसला, कडेनं दगड लावलेला. घरी येऊन ह्यांना विचारलं, "शालेच्या मागं तीच ना?" ह्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत शिकवायला लागले. लोकांना वाटलं, सावरली बिचारी. मला पाढ्यांत काडीचा रस नव्हता. मला ती खिडकी हवी होती. मुलं डोळे मिटून उभी राहायची तेव्हा मी माझे उघडे ठेवून बाहेर बघायची. कधी कधी त्या शांततेत वाटायचं, रांगेत एक मूल जास्त उभं आहे. मोजून बघायला मी कधी धजले नाही.

मग पाणी खोल गेलं. पंप नुसते घरघरायचे. एकेक कुटुंब निघालं, बाईसुद्धा गेल्या. शेवटी ट्रेलर आले आणि केबिनी उचलून घेऊन गेले. शाळाही गेली, खिडकीसकट.

आता इतक्या वर्षांनी आम्ही पुन्हा त्या रस्त्याला लागलो. वाटेत बुरैदा शहर लागेपर्यंत हे खजुराच्या भावाबद्दलच बोलत होते. पोचलो तर गोल शेतांचे फिके डाग आणि मशिदीचा चौथरा, बाकी सपाट. मी वेड्यासारखी फिरत राहिले. इथं दुकान, म्हणजे इथं घंटा, म्हणजे खिडकी इथं असणार. उंचवटा कुठंच नव्हता. वारा पडला की तीच सकाळची शांतता यायची, पाठीमागे कुणीतरी डोळे मिटून उभं असल्यासारखी. मला भीती वाटली आणि रडू फुटलं. "तुमी नेलवतीत ना तिला? मंग दाखवा!"

हे गाडीला टेकून उभे होते. "ती इतं नाय," म्हणाले. "शालेच्या मागं ता पानयाच्या लाइनीचा वॉल्व पुरलेला व्हता. पोरीला आमी शहरातल्या कब्रस्तानात नेली. तुला सांगनार व्हतो. पन तू जेवाला लागलीस, शालेत जावाला लागलीस. मंग कसा सांगू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एका लोखंडी वॉल्वसमोर मी वर्षानुवर्षं दुवा मागितली होती, आणि ह्या माणसानं मागू दिली होती! शहर येईपर्यंत मी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कब्रस्तानाला उंच भिंत आणि जाळीचं फाटक. आत दगडगोट्यांच्या ओळीच ओळी, सगळ्या सारख्या. बायकांना आत मज्जाव, म्हणून मी जाळी धरून बाहेर उभी राहिले. हे आत गेले. सरळ जाऊन थांबले. मग डावीकडे सरकले. परत मागं आले, वाकून एक दगड बघितला, मग दुसरा. हे किती म्हातारे झालेत ते मला तिथं लांबून दिसलं. मग ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. ह्यांनाही माहीत नव्हतं.

राग कुठच्या कुठं गेला. मी जाळीतून हात आत घातला आणि जोरात ओरडले, "हां, तीच! तितंच बसा!"

हे मटकन खाली बसले आणि समोरच्या मातीवर हात ठेवला.