काळ्या टेपची पट्टी

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'टेपबाई' म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. एप्रनच्या खिशात काळ्या चिकटपट्टीचं रीळ कायम. कुठल्या यंत्रावर बारीकसा दिवा मिणमिणताना दिसला की त्यांनी तो बुजवलाच. दारात हात पुढे करायच्या, "मोबाइल द्या आधी." एकदा तर संचालकांचाही काढून घेतला होता.

वेड नव्हतं ते, कामच तसं होतं. पेशीलाही सांगाडा असतो, फक्त तो हाडांचा नसून बारीक धाग्यांचा असतो. एकीकडे उसवतो, दुसरीकडे विणला जातो, आणि जिकडे विणला जातो तिकडे पेशी सरकते. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी पेशींत असं एक प्रथिन घातलं होतं, की निळा उजेड पडेल तिथेच धागे विणायला लागावेत. सूक्ष्मदर्शकातून उजव्या कडेवर निळा ठिपका टाकला की पेशी निघाली उजवीकडे. तांबडा उजेड पेशींना कळत नसे. म्हणून बाईंनी बारा वर्षं तांबड्या दिव्याखाली पेशी वाढवल्या, निगुतीनं, पोटच्या पोरांसारख्या.

एकतीस वर्षांची नोकरी, चाळीसेक शोधलेख. एकातही बाईंचं नाव नाही. शेवटी एक ओळ असायची, 'कर्मचारीवर्गाचे आभार.' बाईंचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवलेला माणूस. ते म्हणायचे, "तुझं एकदा छापून येऊ दे गं, भिंतीवर लावतो." बाई हसण्यावारी न्यायच्या, पण हवं होतं, फार हवं होतं.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना सरांना मोठा शोध लागला. निळा ठिपका बंद केला तरी पेशी तासभर उजवीकडेच जात राहते! म्हणजे सांगाड्याला दिशा आठवते. लेख गेला, स्वीकारलाही गेला. सर हवेत होते.

त्याच आठवड्यात बाई सूक्ष्मदर्शकाभोवतीची, पेशींना ऊब देणारी तापपेटी पुसत होत्या. आत उजव्या भिंतीवर एक निळा दिवा होता, मोहरीएवढा. पेटी आली त्या दिवशीच त्यांनी तो बुजवला होता. आता तो लकलक करत होता आणि टेप सोलून बाजूला चिकटवलेली.

"सर, पेटीतली टेप कुणी काढली?"

"मीच. तापतेय की नाही ते दिसायला नको?"

"कधी काढलीत?"

"झाले की तीन महिने."

तीन महिन्यांपूर्वीच तर ती 'आठवण' सापडली होती. त्यांनी दिवा बुजवला आणि प्रयोग दोनदा करून पाहिला. ठिपका बंद होताच पेशी पाच मिनिटांत भरकटल्या, वाट फुटेल तिकडे. आठवणबिठवण काही नव्हती. उजवीकडे दिवा होता, इतकंच.

सरांनी नव्या प्रयोगाची चित्रं पाहिली. मग उठून दार लावलं.

"बाई, आता घोळ नको. एवीतेवी तुमचं नाव घालायचंच होतं आभारात. पूर्ण नाव, आडनावासकट."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाल्या नाहीत. लाच काय पैशांचीच असते! घरी जाऊन त्यांनी यजमानांना फक्त नावाचं सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी चौकट घेऊन आले.

लेख आला. शेवटी ओळ होती, 'कर्मचारीवर्गाचे आभार.'

"अहो, जागाच नव्हती," सर म्हणाले. तोंडाला पानं पुसून मोकळे झाले. बाई निवृत्त झाल्या. कुणाला सांगणार, आणि काय तोंडानं सांगणार? रिकामी चौकट कपाटावर धूळ खात पडली.

दीड वर्षानं परदेशात कुणीतरी तोच प्रयोग केला आणि तो काही जमेना. प्रश्न आले. सरांनी चार ओळींची दुरुस्ती छापली आणि खापर फोडायला डोकं शोधलं. प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं न राहवून त्याची प्रत बाईंच्या घरी पाठवली.

पाकीट यजमानांनी उघडलं. ती भाषा त्यांना येत नव्हती, पण अक्षरं कुठलीही असोत, त्यांना नाव ओळखू यायचं.

"अगं, आलं की! आडनावासकट आलंय!"

बाईंनी कागद हातात घेतला. तापपेटीतला दिवा झाकण्याचं काम तांत्रिक सहायकाकडे होतं, त्यांच्या हलगर्जीपणामुळे निष्कर्ष चुकले, आम्ही दिलगीर आहोत. आणि नाव. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या वाचेपर्यंत यजमान चौकट पुसूनसुद्धा आले होते. कागद त्यांनी हळूच काढून घेतला, काचेखाली सरळ बसवला, खिळा ठोकला.

"अहो, काढा ते," बाई म्हणाल्या. "दिवा मी उघडा टाकला, असं लिहिलंय त्यात. खोटं आहे."

यजमान हातोडी धरून उभेच राहिले. "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

बाईंपाशी उत्तर होतं, पण ते आडनावासकट भिंतीवरच टांगलेलं होतं. त्या आत गेल्या, जुन्या एप्रनच्या खिशातून रीळ आणलं, बोटभर पट्टी तोडली आणि काचेवरून स्वतःच्या नावावर चिकटवली. कडा नखानं नीट दाबल्या, कुठून फट राहू नये म्हणून.