टेन्शन घेऊ नका

मराठवाड्याच्या माणसाला इंग्रजीने दिलेला सर्वात मोठा आध्यात्मिक ठेवा म्हणजे 'टेन्शन' हा शब्द. अनासक्ती शिकवणारे जाडजूड ग्रंथ आमच्याकडे आधीपासून होते, पण "टेन्शन घेऊ नका" एवढ्यात काम उरकणारं काही नव्हतं. अडचण एकच, की ज्याच्यामुळे टेन्शन आलेलं असतं तोच हे वाक्य बोलतो.

आमच्याकडे टेन्शन येतं, वाढतं, दिलं जातं. गावातल्या दांडगटाची ओळख करून देताना "त्याचं टेन्शन न्हाई, आपलाच माणूस हाय" असं सांगतात. मी मास्तर असलेल्या शाळेच्या दारात तपासणीच्या साहेबांची गाडी दिसली की शिपाई "टेन्शन आलं" म्हणायचा, आणि ते खुर्चीत बसले की त्यांच्यासाठी चहा आणायला जायचा.

यंदा मार्चात हट्टा गावाजवळच्या आमच्या शेतात दादाने हळद काढली. नऊ महिने सांभाळलेलं पीक. काढलेली हळद लवकर शिजवावी लागते. ढिगात पडून राहिली की आतून तापते आणि सडते. शिजवायचा बॉयलर ट्रॅक्टरमागे जोडून शेतोशेती फिरतो. बॉयलरवाल्याने शब्द दिला होता, "मालक, टेन्शन घेऊ नका. उद्या सकाळी तुमच्याच शेतात."

ती सकाळ गेली, दुपारही गेली. वहिनी उन्हापासून वाचवायला ढिगावर पाला पसरत होती. दादा बाजेवर आडवा.

"त्याचा फोन आला होता," तो म्हणाला. "आखाडा बाळापूरला त्याच्या पाव्हण्याची हळद हाय म्हणे. ती आधी उरकू का, म्हणून विचारत व्हता."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हणलो, टेन्शन घेऊ नका."

माझ्या भावाला कुणालाही नाही म्हणता येत नाही. नकाराची वेळ आली की त्याच्या तोंडून हेच निघतं. वहिनीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"भाऊजी, बघा हात लावून, आतून गरम हाय. तुमी दोघं भाऊ बसा निवांत. टेन्शन हळद घेऊन राहिली."

मी मोटारसायकल काढली. भांडायची सगळी तयारी वाटेतच केली; दोन-तीन वाक्यं तर फारच खणखणीत जमली होती. बाळापूरच्या त्या शेतात बॉयलर वाफा सोडत होता. मला पाहताच बॉयलरवाल्याने खुर्ची मागवली आणि त्याच्या पाव्हण्याने चहा.

"आमची हळद सडून राहिली!" मी उभ्याउभ्याच म्हणालो.

"बराबर हाय तुमचं, सर. पण एवढ्या लांब यायची तकलीफ काहून घेतली? फोन करायचा."

"उचलला का तुम्ही?"

"वाफेत आवाज येत न्हाई. अन् तुमच्या दादानंच सांगितलं, टेन्शन घेऊ नका. मंग आमी न्हाई घेतलं."

पाव्हण्याला हे फारच पटलं. तो म्हणाला, "चहा घ्या सर, निवून राहिला."

माझी खणखणीत वाक्यं चहाबरोबर पोटात गेली. मग मी एकच केलं. पाव्हण्याच्या हळदीचा शेवटचा ड्रम रिकामा होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठलो नाही. नंतर ट्रॅक्टरच्या मागे, बैलगाडीच्या चालीने, गावापर्यंत आलो. वाटेत बॉयलरवाला दोनदा पान खायला थांबला आणि दोन्ही वेळा मलाही आग्रह केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेतात बॉयलर पेटला. दादाने नारळ फोडला आणि बॉयलरवाल्याला, रात्री झोप नीट झाली का, हे विचारलं. वरची हळद चांगली निघाली. ढिगाच्या तळाची काळी पडून बुळबुळीत झाली होती. वहिनीने ती पाट्या भरभरून बांधावर ओतली. शेजारच्या बकऱ्या आल्या, त्यांनी ती हुंगली आणि पुढे गेल्या.