श्रीलंकेला गेलेले लाडू

लाडू वळून झाला की काका उभे राहायचे, हात कमरेशी धरायचे आणि लाडू सोडून द्यायचे. खाली वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. लाडू धप्पकन पडायचा. ते वाकून बघायचे. शाबूत राहिला तर डब्यात, फुटला तर वाटीत.

"अन्न असं टाकतात का, काका?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"लांबचा पल्ला हाय, बाई," ते म्हणाले. "वाटेत कोण हळू ठेवणार हाय?"

वाटीतले फुटके लाडू माझ्या वाट्याला यायचे. सफाळ्याच्या शाळेत लागले तेव्हा मी काडीसारखी होते. तिथून बदली झाली तेव्हा नव्हते. त्याला हे लाडू कारण.

तुम्ही तेव्हा सफाळ्याला उतरला असाल, तर त्यांचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला सायकलीच सायकली. आसपासच्या गावांतली माणसं सकाळी तिथे सायकल लावून गाडी पकडायची, बोईसरच्या कंपन्यांत कामाला जायची आणि संध्याकाळी परत येऊन सायकल घेऊन जायची. मधल्या वेळात काका पंक्चर काढायचे, चेन रॉकेलने धुवायचे, हवा भरायचे. दुकानामागे त्यांच्या दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून माझी भाड्याची खोली. मुलगा लहान असतानाच बायको गेलेली. मुलगा एकच. तो फौजेत गेला आणि घरात चूल पेटायची बंद झाली. काका वाटेल तेव्हा स्टेशनसमोरच्या खानावळीत जायचे, किंवा जायचे नाहीत.

सत्त्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत गेली. त्यात त्यांचा मुलगा होता. काही दिवसांनी त्याचं पत्र आलं. मी तसा ठीक आहे, जेवण मिळतं, पण रोज सगळं एकाच चवीचं लागतं, एवढंच त्यात होतं. त्या संध्याकाळी काका माझ्या दाराशी येऊन खाकरले. आत ते कधी यायचे नाहीत. पायरीच्या खालीच उभे राहायचे.

"बाई, एक विचारू? लाडू कसा करत्यात?"

खरं सांगायचं तर लाडू मलाही येत नव्हता. मी आईला पत्र टाकलं, तिने उलट टपाली कृती पाठवली, आणि मी पायरीवर बसून ती वाचून दाखवायची, ते आत स्टोव्हपाशी बेसन भाजायचे, असं आमचं शिक्षण सुरू झालं. पहिला घाणा करपला. दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्याचे लाडू इतके घट्ट झाले की टाकल्यावर फुटले तर नाहीतच, उसळले. काका खूश झाले.

"हे जातील," ते म्हणाले.

"जातील, पण चावणार कसे?"

"फौजी दात हायत, बाई."

लाडू डब्यात भरायचे, झाकण गच्च बसवायचं आणि झाकणावरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधायच्या. मुंगी शिरणार नाही, हवा शिरणार नाही. वरून मांजरपाटाचं कापड दाभणाने शिवायचं, गाठींवर लाख. पत्ता मी घालायची, कारण माझं अक्षर सुवाच्य. त्या पत्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"यात गावाचं नावच नाय. निसते आकडे. मानूस आकड्यात राहतो काय?"

"लष्कराचं तसंच असतं, काका."

"बघू," ते म्हणाले आणि डबा छातीशी धरून पोस्टात गेले. सायकलवर घातला नाही. एवढ्या सायकली दारात असून पार्सलं त्यांनी नेहमी चालतच नेली.

महिन्याभराने उत्तर आलं. लाडू पोचले, चांगले होते, जरा रबराचा वास होता. खाली वेगळ्या अक्षरात आणखी एक ओळ होती. मुलाच्या तुकडीतल्या, साताऱ्याकडच्या एका पोराने लिहिली होती: 'काका, पुढच्या वेळी वेलदोडा जास्त घाला.'

ही ओळ काकांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. दुकानात आलेल्या माणसांनाही ते सांगायचे, "तिकडनं ऑर्डर येते आता." पुढच्या पार्सलात त्यांनी चार-पाच लाडू वेगळ्या पुडीत बांधले. त्यात इतका वेलदोडा होता की फुटका लाडू खाल्ल्यावर माझी जीभ चुरचुरली. रबराचं काय करायचं, असं मी विचारलं. दोरीने बांधून बघू या का?

"नको. दोरी सैल पडते," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वास आला तर येऊ दे. दुकानाचाच वास हाय. त्याला सवय हाय त्याची."

मग पार्सलं जात राहिली. दातिवऱ्याहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सुकट आणून दिली, तिची चटणी गेली. लसणाची गेली. दर वेळी साताऱ्याच्या पोराची वेगळी पुडी. त्याच्या ओळी येत. वेलदोडा आता बरोबर आहे. चटणी पंजाबी लोकांनी संपवली, आम्हाला बोटभर मिळाली. काका हसायचे तेव्हा तोंडावर हात धरायचे, पुढचे दोन दात नव्हते म्हणून.

एके दिवशी दुपारी तार आली. मुलगा जखमी, मद्रासच्या इस्पितळात. शाळा सुटून मी आले तेव्हा काका पंक्चर काढत होते. पोस्टमनने वाचून दाखवलेली तार बाकड्यावर पान्याखाली ठेवली होती. मी वाचली.

"काका, निघायला हवं ना?"

"हो," ते म्हणाले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिले. "कालच पार्सल टाकलं वो, बाई. तिकडच्या पत्त्यावर. तो तर मद्रासला."

ते मद्रासला गेले आणि आठवड्याने एकटेच परत आले. डोक्याला मार लागलाय, पण हातपाय धड आहेत, ओळखतो, बोलतो, असं म्हणाले. जखम भरल्यावर मुलगा पुन्हा तुकडीत गेला, पण डोकं सारखं दुखायचं म्हणून काही महिन्यांनी फौजेने त्याला कायमचं घरी पाठवलं.

तो आला तेव्हा मी ओवाळलं. उंच, नीटनेटका, केस बारीक कापलेले, कानामागे एक पांढरी रेघ. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात बसू लागला. लोक येऊन विचारायचे, तिकडे काय काय पाहिलं रे?

"समुद्र," तो म्हणायचा. "आपल्यासारखाच."

पुढे कोणी विचारलं तर हवेचा पंप उचलायचा.

काका आता रोज स्वयंपाक करत. ताटात वाढून समोर बसत आणि पहिला घास तोंडात गेला की विचारत, "कसा झालाय?" भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "चांगला झालाय," तो म्हणायचा. रोज तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं ना याने, मीठ कमी आहे.

एका रविवारी काकांनी लाडू केले. मध्येच कोणाची तरी चेन उतरली म्हणून उठले, ती बसवून दिली आणि परत येऊन उरलेले वळले. वाटी माझ्याकडे आली. मी तुकडा तोंडात टाकला आणि धावत मोरीत जाऊन थुंकले. रॉकेल. नुसतं रॉकेल. हात धुवायचे राहिले असणार. त्यांच्या नाकाला आयुष्यभराचा सराव, त्यांना कळलं नसणार. मला हसू आलं. हसतच मी त्यांच्या दाराशी गेले.

"काका, आज लाडूत रॉकेल घातलंत!"

त्यांनी हात हुंगले. मग डब्यातला एक लाडू फोडून हुंगला, जिभेवर ठेवला आणि थुंकला. हसले नाहीत.

"त्याने दोन खाल्ले," ते म्हणाले. "आत्ताच. चांगले झालेत म्हणाला."

मुलगा आतल्या खोलीत बसला होता. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. काका त्याच्यासमोर जाऊन बसले. मी निघायला हवं होतं, पण दारातच उभी राहिले.

"कवापासनं?"

"तेव्हापासनं."

"चव पन नाय?"

"गोड-खारट कळतं थोडं. बाकी नाय. वास तर काहीच नाय."

"बोलला का नाय?"

"काय बोलायचं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. कोणी गाडीची वेळ सांगावी तसं तो सांगत होता. "इस्पितळातनं परत गेलो तर तुमचं पार्सल येऊन पडलेलं. डबा उघडला. रबराचा वास आला नाय. मग कळलं."

काकांनी विचारलं, "आनि तो? वेलदोडावाला?"

"तो नाय राहिला. आमच्या पुढच्या गाडीत होता."

"पुडी होती त्याची."

"होती. कोणी उघडली नाय. मग तिथेच पुरली, झाडाखाली."

काकांनी मान हलवली. कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही, माझ्याही नाही. मी खोलीत जाऊन शाळेच्या वह्या तपासल्या. काय तपासलं ते आठवत नाही.

त्या दिवसानंतर भिंतीपलीकडून "कसा झालाय?" कधी आलं नाही. स्वयंपाक मात्र बदलला. भाकरी तव्यावरून थेट ताटात येऊ लागली, इतकी गरम की हात मागे घ्यावा. बोंबील ते इतके कडक तळायचे की मोडताना आवाज माझ्या खोलीत यायचा. काकडी पाण्यात ठेवून गार करायचे. "गरम हाय ना?" एवढंच विचारायचे. मुलगा सावकाश का होईना, नीट जेवू लागला. एकदा मला आपणहून म्हणाला, "बाई, भाकरीचा पापुद्रा मोडला की कळतं, काय खातोय ते." माझ्याशी तो बोलला ते एवढंच मोठं वाक्य. लाडू मात्र त्या घरात पुन्हा झाले नाहीत.

पुढे माझी पालघरला बदली झाली. तीन-चार वर्षांनी निरोप आला की काका गेले. दुकानात, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. मुलगा शेजारीच चाकात हवा भरत होता. त्याला वाटलं, बाबा डोळे मिटून बसलेत.

दहाव्याला मी गेले. विधी आटोपून माणसं घरी आली होती. काकांची मोठी बहीण विरारहून आलेली, ती आत पान वाढत होती. नैवेद्याच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी ठेवतात. तिने आतून विचारलं, "काय आवडायचं रे त्याला?"

मुलगा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी आठवू लागले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले. त्यांना बेसन भाजताना पाहिलं होतं, चटणी कुटताना, भाकरी थापताना, वाढताना. जेवताना एकदाही नाही. काय खायचे, कधी खायचे, काही आठवेना.

"तुमीच सांगा, आत्या," मुलगा म्हणाला. "तुमी बहीण."

"लहानपणी समोर येईल ते खायचा," ती म्हणाली. "मोठेपणीचं मी काय सांगू?"

बाहेर गाडी आली आणि गेली. मग तिने घरात जे होतं ते वाढलं. भात, त्यावर वरण, कडेला एक वडा. मुलाने पान उचललं, मागच्या अंगणात कावळ्यासाठी नेऊन ठेवलं, आणि आम्ही दारातून बघत उभे राहिलो.